फेरी संपली की विसरायचं

९६-९३, ९५-९४, ९५-९४. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री तीन जजनी दिलेले हे आकडे. विजेंदर सिंग जिंकला, चीनचा झुल्पिकार मैमैतियाली हरला. आमच्या उपनगरांतल्या बॉक्सिंगवेड्यांत त्या रात्री जो वाद पेटला, तो अजून विझलेला नाही. अंधेरीकर मित्र म्हणतात, विजेंदरला घरच्या प्रेक्षकांनी तारलं. बोरिवलीकर म्हणतात, आकडे जवळचे दिसतात इतकंच, लढत त्याचीच होती. मी मुलुंडला राहतो, शालेय आणि जिल्हा स्पर्धांत जज म्हणून रिंगशेजारी बसतो, त्यामुळे निवाड्यासाठी दोन्ही बाजू माझ्याकडे येतात. मी त्यांना आधी बेरीज करायला लावतो.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये फेरी जिंकणाऱ्याला १० गुण आणि हरणाऱ्याला बहुधा ९. दहा फेऱ्यांचे मिळून १९० होतात. वरच्या तिन्ही गुणपत्रकांची बेरीज मात्र प्रत्येकी १८९ भरते. एक गुण कापला गेलाय, आणि तो झुल्पिकारचा. कमरेच्या पट्ट्याखाली ठोसे मारल्याबद्दल तो गेला. तो त्याला परत देऊन पाहा: ९६-९४, ९५-९५, ९५-९५. एका जजच्या मते विजेंदर, दोघांच्या मते बरोबरी. म्हणजे लढत अनिर्णित, आणि पणाला लागलेले दोघांचे विजेतेपदाचे पट्टे ज्याचे त्याच्याकडे. दोन जजनी फेऱ्या पाच-पाच वाटून दिल्या होत्या. ज्या विजयानंतर विजेंदरने भारत-चीनमधल्या डोक्लामच्या तणावाच्या दिवसांत शांततेसाठी जिंकलेला पट्टा परत करायची तयारी दाखवली, तो विजय त्या एका गुणावर उभा होता.

हे सांगितलं की अंधेरीकर खूश होतात, पण त्यांचंही म्हणणं यातून सिद्ध होत नाही. नियम मोडला की गुण जाणारच. रेफरीने तो कापला म्हणजे विजेंदरवर मेहेरबानी केली असं नाही. मला खटकतं ते वेगळंच. दोन्ही बाजूंपैकी एकानेही त्या दहा फेऱ्या एकेक करून लिहून काढलेल्या नाहीत. सगळे ‘लढती’बद्दल बोलतात, आणि जजच्या हातात लढत कधी नसतेच. त्याच्या हातात फक्त ही फेरी असते, तीन मिनिटांची. घंटा झाली की आकडा लिहायचा, कागद द्यायचा आणि ती फेरी डोक्यातून काढून टाकायची. आधीच्या फेरीतल्या सुंदर हुकचं ऋण पुढच्या फेरीत फेडायचं नाही. जज म्हणून घडताना सर्वांत जास्त वेळ ही विसरायची सवय लागायलाच जातो.

मेरी कोमचं टोकियो ऑलिंपिकमधलं उदाहरण मी मुलांना फळ्यावर मांडून दाखवतो. २०२१ च्या जुलैमध्ये कोलंबियाच्या इंग्रित वालेन्सियाविरुद्ध पहिली फेरी वालेन्सियाने ४-१ अशी घेतली. दुसरी मेरीची ३-२, तिसरीही मेरीची ३-२. तीनपैकी दोन फेऱ्या मेरीच्या, तरी निकाल वालेन्सियाच्या बाजूने ३-२. देशभर लोक चक्रावले. आपण जिंकलो असं खुद्द मेरीलाही वाटत होतं, हरल्याचं तिला नंतर उमगलं. पण पाच जज एकत्र बसून फेरीचा विजेता ठरवत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या कागदावर तीन फेऱ्यांची बेरीज करतो आणि मग पाच कागद मोजले जातात. पाच जज, तीन फेऱ्या, म्हणजे एकूण पंधरा निवाडे. त्यांतले मेरीकडे १, ३ आणि ३ मिळून सात. वालेन्सियाकडे आठ. फळ्यावर ही बेरीज मांडली की वर्गातला गलका थांबतो. मेरीबद्दलची हळहळ तशीच राहते, माझीही राहिली आहे.

एकाच फेरीचे पाच जणांना दोन वेगळे निकाल कसे दिसतात, हा पुढचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर बसायच्या जागेत आहे. रिंगच्या बाजूला बसलं की लढणाऱ्याची पाठ मध्ये येते. समोरून डोक्यावर लागलेला वाटणारा ठोसा कडेने पाहिला तर हातमोज्यावर अडलेला असतो. हौशी लढतीत मोजायचा तो ठोसा मुठीच्या पुढच्या भागाने, डोक्याच्या समोर किंवा बाजूला अथवा पट्ट्याच्या वर धडावर, अडवला न जाता, वजनानिशी बसलेला असावा लागतो. मग कोणाचं तंत्र आणि डावपेच वरचढ होते ते पाहायचं, त्यानंतर लढायची उमेद. दंडावर बसलेल्या दहा ठोशांचा आवाज मोठा येतो, पण त्यांची किंमत शून्य. वरळीत हजारो लोक विजेंदरच्या हाताच्या प्रत्येक हालचालीवर ओरडत असणार. त्या आवाजातून अडलेला आणि लागलेला ठोसा वेगळा काढणं फार कठीण काम आहे. म्हणून मी मित्रांना सांगतो, जुनी लढत पाहताना आवाज बंद करा. समालोचकही बंद. घंटेला आकडा लिहा आणि मागे जाऊन खोडू नका.

लोकांचा जजवरचा अविश्वास मात्र मी कधी खोडून काढत नाही, कारण तो फुकटचा नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अंतिम लढतीत रॉय जोन्स ज्युनिअरचे ८६ ठोसे लागले, यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनचे ३२, आणि सुवर्णपदक ३-२ ने पार्कला गेलं. त्या लाजेपायी १९९२ च्या बार्सिलोनापासून यंत्र आलं. जजपुढे बटणं, आणि पाचपैकी तिघांनी साधारण एका सेकंदात दाबलं तरच गुण. बेइमानी कमी व्हावी हा हेतू चांगला होता, पण त्याने खेळच बदलला. धडावरचे ठोसे आणि झपाझप मारलेल्या जोड्या बटणाच्या वेगात सापडेनात. डोक्यावर एकच स्वच्छ ठोसा मारायचा आणि मागे सरायचं, अशा शैलीला भाव आला. विजेंदरचं २००८ च्या बीजिंगमधलं कांस्य, भारतीय बॉक्सिंगचं पहिलं ऑलिंपिक पदक, याच काळातलं आहे. माझं मत आहे की वरळीतला विजेंदर समजून घ्यायचा तर ही बटणं आठवावी लागतात. अंतर राखून वेचक मारणारी त्याची घडण तीन-चार फेऱ्यांच्या लढतीत झाली होती, आणि इथे त्याला अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर दहा फेऱ्या काढायच्या होत्या. ‘कोण कोणाला भारी पडेल’ यावर आमच्याकडे रात्र-रात्र वाद होतात. त्यांत नावं आणि पदकं मोजली जातात, पण कोण कोणत्या नियमांखाली वाढला हे क्वचितच कुणी विचारतं.

यंत्र २०१३ मध्ये गेलं, दहा गुणांची पद्धत आली, आणि २०१६ च्या रिओत पुन्हा तेच. आयर्लंडचा मायकल कॉनलन उघड अन्यायाने हरवला गेला, आणि त्या स्पर्धेतले ३६ रेफरी-जज नंतर बाजूला ठेवले गेले. अशा बातम्या वाचल्या की घाटकोपरच्या एखाद्या शाळेच्या सभागृहात चौदा वर्षांखालच्या पोरांची लढत लिहिताना माझा हात जड होतो. त्या पोराचा आमच्यावर पूर्ण विश्वास असतो.

आता खमकेपणाबद्दल. आमच्या गटात सर्वांत जास्त वापरला जाणारा, आणि गुणपत्रकात ज्याला रकानाच नाही असा हा गुण. अंधेरीच्या क्रीडा संकुलात मार्च २०१२ मध्ये सुपर फाइट लीगची पहिली रात्र झाली. ते मिश्र युद्धकलेचं, बॉक्सिंग नव्हे, पण बॉब सॅप हा महाकाय माणूस पाहायला आमच्यातले बरेच जण गेले होते. जेम्स थॉम्पसनसमोर तो पहिल्याच फेरीत पाय दुखावून संपला. आकार म्हणजे खमकेपणा, ही समजूत अनेकांनी त्या रात्री अंधेरीतच सोडली.

खरा खमका पाहायचा तर सतीश कुमार. सैन्यातला, बुलंदशहरचा, ९१ किलोवरच्या गटात ऑलिंपिकला गेलेला पहिला भारतीय. टोकियोत आधीच्या, उपउपांत्यपूर्व लढतीत हनुवटीवर आणि डोळ्यावर झालेल्या जखमांना मिळून १३ टाके पडले होते. उपांत्यपूर्व लढतीत समोर उझबेकिस्तानचा विश्वविजेता बखोदिर जालोलोव. सतीशने माघार घेतली नाही. टाके घेऊन तो तिन्ही फेऱ्या उभा राहिला, आणि जखमेतून रक्त आल्यावरही पुढे जात राहिला. आमच्या गटात त्या दिवशी एकही वाद झाला नाही, सगळे सतीशचे होते. एका मित्राने मला विचारलं, एवढ्या धैर्याला एका तरी जजने एक तरी फेरी द्यायला नको होती का? निकाल होता ५-० जालोलोव. सतीशइतका आदर मला त्या स्पर्धेत दुसऱ्या कुणाबद्दल वाटला नाही. पण त्या खुर्चीत मी असतो, तर मीही तिन्ही फेऱ्या जालोलोवलाच दिल्या असत्या.