अरबी समुद्राचा प्राणवायू

गोव्याहून किंवा रत्नागिरीहून पश्चिमेकडे जहाजानं खोल समुद्र गाठला, की वरचं पाणी जिवंत आणि श्रीमंत दिसतं. त्याच्या खाली, साधारण १५० ते १००० मीटरच्या दरम्यान, एक प्रचंड थर आहे आणि त्यात प्राणवायू जवळजवळ नाही. जगाच्या खुल्या महासागरांत इतके मोठे आणि इतके तीव्र पट्टे तीनच. दोन प्रशांत महासागराच्या पूर्व भागात, तिसरा आपल्या अरबी समुद्रात. समुद्राच्या रसायनशास्त्रात काम करताना मी या थराकडेच पुन्हा पुन्हा वळले. आपल्या समुद्राबद्दल शाळेतल्या मुलांना एकच गोष्ट सांगायची असेल, तर मी हीच सांगेन.

१९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम या समुद्रात फिरली. काही खोलींवर तळाशी ओढलेल्या जाळ्यांत जीव जवळपास आलेच नाहीत. पुढे १९६०च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनं या पाण्याची पद्धतशीर मोजणी केली. त्याच मोहिमेच्या प्रेरणेतून १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. दोनापावलच्या टेकडीवरची तिची इमारत गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

हा थर तयार होतो तो भूगोलामुळे. अरबी समुद्राला उत्तरेकडे वाट नाही. तिथे आशियाची जमीन आडवी आहे. मोसमी वारे खालचं पोषक पाणी वर आणतात, वनस्पती प्लवक फोफावतात, मरतात आणि खाली बसू लागतात. ते कुजवताना जिवाणू प्राणवायू संपवतात. त्या खोलीवर ताजं पाणी येतं ते मुख्यतः दक्षिणेकडून लांबचा प्रवास करून, वाटेत बराच प्राणवायू गमावून. आवक थोडी आणि खप मोठा, असा हा प्रकार हजारो वर्षं चालू आहे.

हे डोळ्यांनी बघता येतं. खोलीवरून पाण्याची बाटली डेकवर आली, की पहिला नमुना प्राणवायूचा घ्यायचा, कारण हवा लागली की आकडा बिघडला. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळापर्यंत नेऊन, एकही बुडबुडा न होऊ देता पाणी भरून वाहू द्यायचं. मग मँगनीजचं द्रावण आणि अल्कली-आयोडाइड घालून बूच लावून हलवायचं. ही विंकलरची १८८८ सालची पद्धत. वरच्या पाण्यात तपकिरी साका धरतो. त्या पाण्यात लिटरमागे साडेचार मिलिलिटरच्या आसपास प्राणवायू असतो. तीनशे मीटरवरच्या पाण्यात साका पांढराच राहतो. शेजारच्या टेबलावर त्याच पाण्यात, नायट्रेटपासून बनणारं नायट्राइट तपासायची रसायनं घातली, की ते गुलाबी होतं. पांढरा साका आणि गुलाबी रंग एकत्र दिसले, की तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेटवर जगताहेत, हे कळतं.

या जिवाणूंचा हिशेब साऱ्या पृथ्वीला लागू आहे. नायट्रेट हे समुद्रातल्या वनस्पतींचं खत. इथे त्याचा नायट्रोजन वायू होतो आणि ते खत समुद्राच्या हातून जातं. वाटेत नायट्रस ऑक्साइडही तयार होतो. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत तो वजनास वजन अडीचशे पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो.

तरीही हा थर ओसाड नाही. लँटर्नफिश म्हणजे अंगावर प्रकाशाचे ठिपके असलेले बोटाएवढे मासे दिवसा याच पाण्यात थांबतात आणि रात्री वर येऊन चरतात. जहाजाच्या एको साउंडरवर त्यांचा थर संध्याकाळी वर सरकताना दिसतो. जिथे मोठ्या शिकारी माशांना टिकता येत नाही, तिथे या छोट्या माशांना दिवसाचा आसरा मिळतो.

खुल्या समुद्रातला हा थर निसर्गाचा आहे. काळजी किनाऱ्याची आहे. पावसाळ्यात कमी प्राणवायूचं पाणी किनारपट्टीच्या उथळ तळावर चढतं. पाऊस आणि नद्यांचं गोडं पाणी वर पसरून हवा खाली मिसळू देत नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरतात, नेमक्या त्या आठवड्यांत तळ गुदमरू लागतो. कार्ल बान्से यांनी १९५९ मध्येच कोचीच्या समुद्राबद्दल लिहून ठेवलं होतं, की असं पाणी आलं की तळाचे मासे तिथून निघून जातात. १९९९ मध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्यावर या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सापडला. सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये २००० साली ते मांडलं: खुल्या किनारी समुद्रात तोवर कुठेही नोंदले नव्हते इतके सल्फाइड आणि नायट्रस ऑक्साइड.

उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याचं चित्रही बदललं आहे. जिथे डायटम हे वनस्पती प्लवक वाढत, तिथे हिरव्या नॉक्टिलुका या एकपेशीय प्लवकाचे थर पसरतात. जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांच्या गटानं २०१४ मध्ये त्याचा संबंध वर येणाऱ्या कमी प्राणवायूच्या पाण्याशी जोडला; नॉक्टिलुकाच्या पोटात राहणारं हरित शैवाल अशा पाण्यात अधिक जोमानं काम करतं. नॉक्टिलुकाला खाणारे मासे फारसे नाहीत. त्यावर जेलीफिश आणि साल्प हे मऊ, पारदर्शक जीव पोसले जातात. अन्नसाखळीच माशांपासून दूर वळते.

१९६०पासून जगाच्या महासागरांनी दोन टक्क्यांहून अधिक प्राणवायू गमावला आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या बदलात तापमानवाढीचा वाटा किती, शेतांतून आणि गटारांतून येणाऱ्या पोषकांचा किती आणि निसर्गाच्या चढउतारांचा किती, हे ओळखायचं तर एकाच जागी वर्षानुवर्षं मोजत राहावं लागतं. गोव्याजवळ कांदोळीच्या समुद्रात १९९७पासून असं एक ठाणं मोजलं जातं. तिथला कुठलाही एक आकडा बातमी होत नाही. सगळे मिळून बोलतात. चांगल्या वर्षाची नोंद नसेल, तर वाईट वर्ष वाईट कशावरून म्हणायचं? म्हणून असं एक ठाणं पुरेसं नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत तीन-चार ठिकाणी तरी दर महिन्याला तळाचा प्राणवायू मोजला गेला पाहिजे, पैसा आटला म्हणून नोंद तुटता कामा नये, आणि तो आकडा मासेमारी संस्थांच्या फळ्यावर मराठीत लागला पाहिजे. समुद्रात जाणाऱ्याला वाऱ्याचा अंदाज मिळतो. तसा तळाच्या पाण्याचाही मिळणं हा त्याचा हक्क आहे.