शॉर्ट लेगवरचा गडी

आमचा पुतण्या अमेरिकेत, न्यू जर्सीला असतो. मागच्या हिवाळ्यात त्याने व्हिडिओ कॉलवर आम्हाला तिकडचा फुटबॉल दाखवायचा हट्ट धरला. फुटबॉल कसला, चेंडूला पाय लागतो तोच मुळी कधीमधी! हेल्मेट घातलेले बावीस पहेलवान एकमेकांवर आदळताना पाहून आमची बेगम म्हणाली, "या अल्लाह, यांच्या आया हे बघतात तरी कसं?"

पण पुतण्याने सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जाईना. या खेळात चढाईचे अकरा गडी वेगळे, बचावाचे वेगळे, आणि चेंडू लाथेने उडवायची वेळ आली की तिसराच संच मैदानात उतरतो. त्याला स्पेशल टीम म्हणतात. मॅथ्यू स्लेटर नावाचा गडी न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून २००८ ते २०२३ असे सोळा हंगाम खेळला. कागदावर तो पास झेलणारा, पण सोळा हंगामांच्या नियमित सामन्यांत त्याने झेललेला पास एकच. बाकी सारी कारकीर्द, चेंडू उडाला की जिवाच्या आकांताने धावत सुटायचे आणि चेंडू घेणाऱ्याला पळू द्यायचे नाही, एवढ्यावर. तरी प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी त्याची दहा वेळा निवड झाली आणि तीन वेळा तो विजेत्या संघात होता.

"बडे अब्बा," पुतण्या म्हणाला, "अब्बाही असेच खेळायचे ना?"

आम्ही फोन बेगमच्या हातात दिला आणि पाणी प्यायला उठलो.

त्याचे अब्बा म्हणजे आमचा धाकटा भाऊ. आम्ही खामगावचे. जिनिंगच्या मागे एक मोकळी जागा होती. हंगामात तिथे कापसाच्या गाड्या उभ्या राहत, उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडत. त्याच मातीवर मॅटिंग अंथरून आमचे क्रिकेट चाले. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर वाडेकरच्या संघाने इंग्लंडला हरवले, तेव्हा आम्ही तेरा वर्षांचे होतो आणि भाऊ अकरा. मोहल्ल्यात जो तो सय्यद आबिद अलीचे नाव घेत होता, कारण विजयाचा फटका त्याचा. चंद्रशेखरने सहा बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळले होते, ते चहाच्या टपरीवर नंतर आठवले. आमच्या भावाला मात्र तिसराच माणूस आवडला. ॲलन नॉटचा झेल घेताना जमिनीवर आडव्या झालेल्या एकनाथ सोलकरचे छायाचित्र त्याने वर्तमानपत्रातून कापले आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवले.

सोलकरबद्दल मिळेल ते तो वाचायचा. मुंबईत मरीन ड्राइव्हला हिंदू, इस्लाम, पारशी असे जिमखाने एका रांगेत आहेत. त्यांतल्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल सोलकरचे वडील करत, आणि सारे कुटुंब त्या मैदानावरच्या एका खोलीत राहायचे. ज्या हिरवळीवर बडे लोक खेळत, तिथे पाणी मारणाऱ्याचा मुलगा १९६९ मध्ये भारताकडून खेळला. १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध वानखेडेवर त्याने शतकही काढले, पण लोकांच्या लक्षात राहिले ते झेलच. २७ कसोटींत ५३, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन! बेदी, प्रसन्ना, चंद्रा, वेंकट यांची नावे आजही आदराने घेतली जातात, आणि घ्यावीतच. पण बॅटपासून दोन पावलांवर, डोक्यावर काही न घालता वाकून बसलेला तो माणूस नसता, तर त्यांचे कितीतरी बळी वाऱ्यावर गेले असते.

भाऊ आमच्या संघात तेच करू लागला. त्याला फलंदाजी अकराव्या नंबरवर मिळे, तीही नशिबात असेल तर; गोलंदाजी कधीच नाही. सीझन बॉलसमोर शॉर्ट लेगला दुसरे कोणी उभे राहायला तयार नसे. तो चेंडूकडे नव्हे, बॅटकडे पाहायचा. समोरच्या संघातली पोरे म्हणत, "याले भेव कसं वाटत नाही बे?" आम्ही कप्तान. त्याला तिथे उभे करताना आम्हाला कधी विचारावेसे वाटले नाही. थोरल्या भावाने सांगितले आणि त्याने ऐकले, एवढेच.

१९७६ च्या उन्हाळ्यात मलकापूरच्या संघाशी सामना होता. चेंडू वळत नव्हता. आमचा फिरकीवाला दोनदा येऊन म्हणाला, "याले मांगं घे गड्या, आज काही खरं नाही." त्यांचे तीन गडी उरले होते आणि आम्हाला जिंकायचे होते. आम्ही ऐकले नाही. पुढचाच चेंडू आखूड पडला, फलंदाजाने सारी ताकद लावून तो ओढला आणि तो भावाच्या डाव्या कानामागे बसला. टांग्यातून दवाखान्यात नेईपर्यंत त्याच्या कानातले रक्त आमच्या पांढऱ्या शर्टावर पसरले होते. घरी अब्बांना काय सांगायचे, या काळजीने आमचे पाय कापत होते. भाऊच म्हणाला, "सायकलवरून पडलो." अब्बा इंतकाल होईपर्यंत तेच खरे मानत राहिले.

डाव्या कानाने त्याला पुन्हा ऐकू आले नाही. फौजेत जायचे त्याच्या मनात होते. भरतीत कानामुळे नापास झाला. मग जिनिंगमध्येच नोकरी धरली. तिथल्या घरघराटात एक कान बंद असल्याचा फायदाच होतो, असे सांगून तो हसायचा. आम्ही मास्तर झालो, पेन्शन घेतो.

फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला क्लबच्या सामन्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय उभ्या असलेल्या रमण लांबाला चेंडू लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. बातमी वाचली त्या रात्री आम्ही भावाच्या घरी गेलो. तो जेवत होता. "काय झालं भाई, एवढ्या रात्री?" आम्ही म्हटले, "काही नाही, सहज." जून २००५ मध्ये सोलकर गेला, सत्तावन्नाव्या वर्षी. तेव्हाही गेलो. ट्रंकेतली ती वही काढून तो बसला होता. तेव्हाही बोललो नाही.

पुतण्याच्या त्या फोननंतर दुसऱ्या दिवशी, मगरिबची नमाज आटोपून त्याच्याकडे गेलो. त्याच्या डाव्या बाजूला बसलो, मग उठून उजवीकडे आलो. म्हटले, "त्या दिवशी फिरकीवाल्याने तुला मागे घ्यायला सांगितलं होतं. दोनदा. आम्ही घेतलं नाही."

त्याने मान वळवली. ऐकू गेले नाही की काय, म्हणून आम्ही पुन्हा मोठ्याने बोलायला लागलो.

"सुना था मैंने," तो म्हणाला. "उस वक़्त दोनों कान चालू थे ना, भाई."

आणि त्याने चहाची बशी आमच्याकडे सरकवली.