साच्याला तुपाचा हात

१.
नारळाच्या वड्या थापायच्या आधी आई ताटाला तुपाचा हात लावते. तूप जास्त झालं तर वडीच्या पाठीला लागतं. वडी उलटी करून कोणी बघत नाही. रेझिनमधून आरपार दिसतं.

२.
लग्नातल्या वरमालेच्या पाकळ्यांचा ठोकळा आज साच्यातून काढला. पाकळ्या सुरेख बसल्यात. समोरच्या बाजूला मात्र तेलाच्या ओघळासारखी रेघ. वस्तू साच्यातून सुटावी म्हणून मारतात तो रिलीज स्प्रे जवळून मारला होता, तो कोपऱ्यात साचला आणि रेझिनने त्याचाच ठसा घेतला. रेघ घासून काढता येईल. पाकळ्यांपाशी गेली असती, तर ती माळ दुसऱ्यांदा कुठून आणायची?

३.
इपॉक्सी रेझिन सिलिकॉनला चिकटत नाही. नव्या, चकचकीत साच्याला काही लावू नये.

४.
काचेला मात्र असं धरतं की सोडवताना टवका उडू शकतो. लाकडी चौकटीत ओतायचं तर आतून पॅकिंगची चिकटपट्टी लावतात. तिला धरत नाही.

५.
सिलिकॉनवर सिलिकॉन ओतताना रिलीज हवंच. नाहीतर साच्याचे दोन भाग एकजीव होतात.

६.
मूर्तीच्या कारखान्यात साच्यात शंखजिऱ्याची पूड भुरभुरतात, मग शाडू दाबतात. वरून रंग बसतो, पूड झाकली जाते.

७.
साचा जुना झाला की आतली चकाकी जाते. वस्तूही तशीच धुरकट निघते. स्प्रेने साचा फाटायचा वाचतो, गेलेली चकाकी परत येत नाही. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, 400 पासून 2000 पर्यंत, किंवा वरून रेझिनचा पातळ हात. तो देण्याआधी वस्तू साबणाने धुवायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. रिलीजचा अंश राहिला तर रेझिन तिथून मागे सरतं आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

८.
व्हॅसलीन लावलं की ब्रशच्या केसांच्या रेघा उमटतात. सगळ्या मोजता येतात.

९.
स्विस रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्तान यांनी 1930 च्या दशकात इपॉक्सीवर काम केलं ते कवळीसाठी. म्हणजे साच्यात ओतायचंच काम.

१०.
पावसाळ्यात उघड्या बाजूवर तेलकट साय येते. दोष स्प्रेला देतात. पुष्कळदा तो हवेतल्या दमटपणाचा आणि रेझिनमध्ये मिसळलेल्या हार्डनरचा असतो. कोमट पाण्याने आणि साबणाने धुतली की जाते.

११.
फवारताना खिडकी उघडी, तोंडाला मास्क. हात लांब ठेवून एकच पातळ थर. वाळू द्यायचा. मग कोरड्या मऊ ब्रशने कोपरे टिपून घ्यायचे.

१२.
कुणाची माळ ओतायला घेण्याआधी त्याच साच्यात, त्याच स्प्रेवर, थोडं कोरं रेझिन ओतून बघा. 24 तास थांबा. उजेडात धरा.