तुमचं फुफ्फुस पुस्तकातल्यासारखंच असेल असं नाही

“डॉक्टर, सीटी स्कॅन तर झालाय. मग सर्जन आता थ्रीडी कशाला म्हणतात? बिल वाढवायला?” फुफ्फुसातल्या गाठीची शस्त्रक्रिया ठरली की रुग्ण मला हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे.

उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. खंडांचे पुन्हा उपखंड, आणि प्रत्येक उपखंडाला स्वतःची श्वासनलिका, स्वतःची धमनी. आम्ही पुस्तकात शिकलो ते सर्वसाधारण चित्र. प्रत्यक्षात डाव्या वरच्या खंडाला कुणाच्या तीन धमन्या असतात, कुणाच्या पाच-सहा. हा आजार नव्हे, जन्मजात ठेवण आहे. एरवी त्यानं काही बिघडत नाही.

बिघडू शकतं ते शस्त्रक्रियेत. डाव्या फुफ्फुसातलं रक्त साधारणपणे वरच्या आणि खालच्या अशा दोन शिरांनी हृदयात परततं. काहींमध्ये या दोन्ही हृदयात शिरण्याआधीच एक होतात. वरचा खंड काढताना ही एकत्र शीर ‘वरची’ समजून कापली गेली, तर निरोगी खालच्या खंडातलं रक्तही अडकतं आणि तोही गमावण्याची वेळ येऊ शकते.

पूर्वी कर्करोगाची गाठ लहान असली तरी अख्खा खंड काढत. जपानमधल्या ११०६ रुग्णांच्या अभ्यासात (२०२२) फुफ्फुसाच्या बाहेरच्या भागातल्या, दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी पाहिल्या. फक्त उपखंड काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. मात्र त्याच बाजूला गाठ पुन्हा होण्याचं प्रमाण उपखंडाच्या गटात जास्त होतं. म्हणून कुठे कापायचं हे नेमकं ठरवावं लागतं. क्षयरोगानं किंवा विडी-सिगारेटनं फुफ्फुस आधीच थकलेल्या माणसाला तर वाचलेला प्रत्येक तुकडा मोलाचा.

थ्रीडीसाठी सीटीचे साधारण एक मिलिमीटर जाडीचे काप संगणक एकत्र जुळवतो. सर्जनला तुमच्या वाहिन्यांचा फिरवून पाहता येणारा नकाशा मिळतो. पण हा नकाशा फुगलेल्या फुफ्फुसाचा असतो, शस्त्रक्रियेत ते आकसलेलं असतं. अगदी बारीक वाहिनी कधी सुटूही शकते. शेवटी भिस्त सर्जनच्या नजरेवर आणि हातावर.

तुम्ही एवढं करा. पहिल्या सीटीची फिल्मच नव्हे, सीडीही जपून ठेवा. काप पुरेसे पातळ असतील तर त्यातूनच थ्रीडी चित्र करता येतं, दुसरा स्कॅन टळू शकतो. नवा करावाच लागला आणि शिरेतून औषध देणार असतील, तर मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेहाच्या गोळ्या आणि पूर्वीची अ‍ॅलर्जी आधीच सांगा. स्कॅनच्या वेळी सांगतील तेव्हा श्वास नीट रोखा.

आणि सर्जनना जरूर विचारा: “माझ्या रक्तवाहिन्यांत काही वेगळं दिसलं का? त्यामुळे तुमचा बेत बदलला का?” उत्तर देताना ते तुम्हाला तो नकाशा दाखवतील. तो तुमचाच आहे, एकदा नीट पाहून घ्या.