सूर्यास्त पाहून युरोप

दिवाळीच्या सुटीत युरोपला निघणारी कुटुंबे तिकिटांचा आणि थंडीचा हिशेब चोख मांडतात, सूर्यास्ताचा क्वचितच. चौविहार पाळणारे आजी-आजोबा सोबत असतील, तर सारा बेत त्यावरच अवलंबून असतो.

सप्टेंबरअखेर पॅरिसमध्ये सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो. पुढे दररोज सुमारे दोन मिनिटे घटतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे घेतली जातात आणि आदल्या दिवशी साडेसहाच्या सुमारास झालेला सूर्यास्त एकदम साडेपाचवर येतो. लंडनमध्ये तर पावणेपाचवर. उपाहारगृहांचे सायंकाळचे जेवण मात्र सहसा सातनंतरचे. दहा-बारा अंशांच्या ओल्या गारव्यात बाकावर बसून खाखरे खाणे वृद्धांना सोसत नाही. मग आजी काही न बोलता रोजच एकासणे करू लागतात, आणि सहल त्यांच्यासाठी नसतेच.

सकाळचा प्रश्नही लहान नाही. घड्याळे बदलण्यापूर्वीच्या आठवड्यात पॅरिसचा सूर्योदय सव्वाआठच्या आसपास; त्यावर नवकारसीची 48 मिनिटे. तोवर सहलीची बस निघून गेलेली असते.

म्हणून शाळेची सुटी आडवी येत नसेल, तर सप्टेंबरअखेरचा काळ घ्यावा. दिवाळीतच जायचे असल्यास स्वयंपाकघर असलेला मुक्काम शहराच्या मध्यभागी, चार वाजता सहज परतता येईल इतका जवळ शोधावा. तो महाग पडला तरी.