मे महिन्यातला गोवा

मे महिन्यात कोपरगाव तापलं की ऊसवाल्या घरातला तो मुलांना घेऊन गोवा एक्स्प्रेस गाठतो. आजोबांचं बोट धरून जायचा, तेव्हापासूनची ही सवय.

आजोबा सांगत, १९६१च्या डिसेंबरपर्यंत तिकडे पोर्तुगीजांचा अंमल होता. कॅसलरॉकला भारताची हद्द संपायची. पुढे कुळेला पोर्तुगीज कस्टमवाले सामान तपासायचे.

आता गोव्यात सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो, टोपलीवरचं फडकं बाजूला सारून गरम उंडे पाव काढून देतो. दुपारी सोलकढी, मग ताणून झोप. परतताना मुलं खिडकीतून दूधसागर शोधतात. उन्हाळ्यात धार बारीकच.

त्याला मात्र धारबांदोड्याला थांबल्याशिवाय चैन पडत नाही. गोव्याचा एकुलता एक साखर कारखाना तिथे आहे, नाव संजीवनी. गेली काही वर्षं त्याचं गाळप बंद आहे.