मागे राहिलेल्यांचे दाखले

अमेरिकेतील जुन्या घराण्यांची वंशावळ लावून देण्याचा व्यवसाय मी बोस्टन शहरी राहून पुष्कळ वर्षे केला, आणि त्या निमित्ताने ज्या ज्या कुटुंबांची गाठ पडली, त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : आमचा मूळ पुरुष कोणत्या जहाजाने आला? कुळाच्या आठवणीत समुद्र ओलांडण्याएवढा ठळक प्रसंग दुसरा नसतो, तेव्हा शोधाचा आरंभ बंदरापासून व्हावा ही अपेक्षा स्वाभाविकच आहे. तथापि सतराव्या शतकात इंग्लंड सोडून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वस्ती करणाऱ्या मनुष्याचे मूळ गाव शोधावयाचे असेल, तर जहाजाचा दाखला हा अखेरीस पाहावयाचा दाखला होय, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. जो गेला त्याचा पाठलाग करून तो सहसा सापडत नाही. जे मागे राहिले, त्यांनी आपापल्या व्यवहारासाठी केलेल्या लिखाणात तो सापडतो.

1620 ते 1640 या दोन दशकांत सुमारे 20,000 माणसे इंग्लंडातून न्यू इंग्लंडात आली. त्यांपैकी ज्यांची नावे एखाद्या जहाजाच्या यादीत आढळतात अशी थोडी. 1630 साली जॉन विन्थ्रॉप याच्या नेतृत्वाखाली 11 जहाजांचा जो तांडा आला, त्यातील सुमारे 700 उतारूंची सरकारी फेरिस्त म्हणून काही उरलेले नाही. 1635 सालची लंडन बंदराची वही सुदैवाने शाबूत आहे. पण ती उतारूंच्या वंशजांच्या सोयीसाठी लिहिलेली नव्हती. जाणाऱ्याने राजनिष्ठेची शपथ घेतली की नाही, आणि आपण राजमान्य धर्माचाराला धरून आहोत असा आपल्या पाद्र्याचा दाखला आणला की नाही, एवढेच त्या वहीच्या कारकुनाला पाहावयाचे होते. आणि राजमान्य धर्माचार मनाला पटत नाही म्हणूनच जो देश सोडून निघाला, त्याला अशा कारकुनापुढे आपली सर्व हकिकत यथातथ्य सांगण्याची हौस कितपत असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

यादी मिळाली तरी ती कशी वाचावी लागते, याचे उत्तम उदाहरण अब्राहम लिंकनच्या मूळ पुरुषाचे आहे. 1637 साली यार्मथ बंदरातून निघालेल्यांत नॉरिच येथील फ्रान्सिस लॉज नावाचा विणकर, त्याची पत्नी, एक मुलगी आणि दोन नोकर अशी नोंद आहे. त्या नोकरांपैकी एक 'सॅम्युएल लिंकोर्न, वय 18'. आता नॉरफोक परगण्यातील हिंगहॅम गावच्या देवळाच्या वहीत सॅम्युएल लिंकनचा बाप्तिस्मा 1622 च्या ऑगस्टमधला आहे, म्हणजे जहाजावर चढताना तो सुमारे पंधरा वर्षांचा असला पाहिजे. आडनाव जुळत नाही, वय जुळत नाही; तरीही हा तोच मुलगा असे आपण निःशंकपणे म्हणतो, कारण पुढे तो मॅसॅच्युसेट्समधील नव्या हिंगहॅमात स्थायिक झाला, त्याचे थॉमस व डॅनियल हे भाऊ तेथेच होते, आणि त्या नव्या गावात जुन्या हिंगहॅमची इतकी कुटुंबे येऊन राहिली होती की 1635 साली गावाला नावही तेच मिळाले. माणूस एकटा निघत नसे; त्याच्याबरोबर किंवा त्याच्या मागेपुढे शेजारी, सोयरे, पाद्री आणि मालक निघत. म्हणून एकाच्या मुळाचा शोध करावयाचा झाल्यास त्याच्या आळीतील दहांचा करावा लागतो.

येथे मात्र एक सावधगिरी हवी. गावाच्या नावावर विसंबून परगणा ठरविणे हा या क्षेत्रातील नवशिक्याचा नित्याचा उतावीळपणा होय. मॅसॅच्युसेट्समध्ये सडबरी नावाचे गाव आहे, आणि इंग्लंडात सफोक परगण्यात त्याच नावाचे जुने गाव आहे. परंतु 1638 साली 'कॉन्फिडन्स' जहाजाने येऊन या नव्या सडबरीच्या कारभारात अग्रभागी राहिलेला पीटर नॉइज हा सफोकचा नव्हे, हॅम्पशायरमधील वेहिल गावचा. व्यक्तिनामांचीही तीच कथा. खुद्द लिंकनने 1859 साली आपली अल्पशी आत्मकथा लिहून दिली, तेव्हा न्यू इंग्लंडातील लिंकन घराण्याशी आपला संबंध जोडण्याच्या खटपटीतून मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी काही नावे दोन्हीकडे सारखी आहेत यापलीकडे काही निष्पन्न झाले नाही, अशा अर्थाचे विधान त्याने केले आहे. नाम-सादृश्य हा पुरावा नव्हे हे त्या वकिलाला पक्के ठाऊक होते. तो संबंध खरा असल्याचे पुढे सिद्ध झाले खरे; पण ते जमिनीच्या व वारशाच्या कागदांवरून पिढ्यान्‌पिढ्या उलगडून, नावे सारखी आहेत म्हणून नव्हे.

मागे राहिलेल्यांचे दाखले म्हणजे काय, हे समजावयाचे तर हार्वर्ड विद्यापीठाला ज्याचे नाव आहे त्या जॉन हार्वर्डची कथा सांगितली पाहिजे. 1638 साली चार्ल्सटाउन येथे क्षयाने निधन पावलेला हा तरुण पाद्री आपली निम्मी मालमत्ता आणि सुमारे 400 ग्रंथ नव्या महाविद्यालयाला देऊन गेला, आणि त्यानंतर जवळजवळ अडीचशे वर्षे तो कोठला, कोणाचा, हे कोणालाच सांगता येईना. जेम्स सॅव्हेज या थोर वंशसंशोधकाने त्याच्याविषयीच्या पाच ओळींसाठी पाचशे डॉलर मोजण्याची तयारी दाखविली होती. 1884 साली विद्यापीठाच्या आवारात त्याचा पुतळा बसला, तेव्हा चित्रच उपलब्ध नसल्यामुळे शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच याने एका विद्यार्थ्याला समोर बसवून चेहरा घडविला. आणि त्याच सुमारास बोस्टनच्या वंशेतिहास संस्थेने लंडनला पाठविलेला हेन्‍री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स हा सॉमरसेट हाऊसमधील मृत्युपत्रांची बाडेच्या बाडे चाळीत बसला होता.

त्याला जे सापडले ते असे. थेम्सच्या दक्षिण तीरावरील सदर्क भागात रॉबर्ट हार्वर्ड नावाचा खाटीक राहत असे. 1625 च्या प्लेगमध्ये तो आणि त्याची कित्येक मुले गेली. विधवा कॅथरीन हिने पुढे दोनदा विवाह केला, आणि 1635 साली तिने मृत्युपत्र केले ते तिसऱ्या पतीच्या, म्हणजे यारवुड या आडनावाने. सबब हार्वर्ड या नावाखाली सूची पाहणाऱ्याच्या दृष्टीस ते पडणे शक्य नव्हते. त्यात मात्र तिने आपला मुलगा जॉन हार्वर्ड, पेशाने पाद्री, याला सदर्कमधील 'क्वीन्स हेड' ही खाणावळ लिहून दिलेली होती. पाठोपाठ धाकटा भाऊ थॉमस वारला. त्याच्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक दोन, एक जॉन व दुसरे स्थानिक पाद्री निकोलस मॉर्टन. 1637 च्या मे महिन्यात न्यायालयाने ते मृत्युपत्र मंजूर केले, पण एकट्या मॉर्टनच्या हाती. जॉनचा हक्क, तो येऊन मागेल तेव्हासाठी, राखून ठेवला. भाऊ गेला असता भाऊ न्यायालयात का आला नाही? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चार्ल्सटाउनच्या दप्तरात जॉन हार्वर्ड हे नाव उगवते, हे त्याचे उत्तर. जहाजाची यादी नाही, निघाल्याची तारीख नाही. न्यायालयातील एका अनुपस्थितीच्या नोंदीने समुद्राच्या दोन्ही तीरांवरचा माणूस एक झाला. आणि देवळाच्या वहीत 29 नोव्हेंबर 1607 रोजी बाप्तिस्मा झालेल्या खाटकाच्या या मुलाचे नाव 'जॉन हार्वाय' असे लिहिलेले आहे! आधी आई, भाऊ आणि खाणावळ हाती नसती, तर त्या हार्वायकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते.

हे कागद वाचण्याची पूर्वतयारी माझ्या बाबतीत पुण्यात झाली. तरुणपणी पेशवे दप्तरातील मोडी रुमाल सोडून वाचण्याचा अभ्यास केला असल्यामुळे, एलिझाबेथकालीन इंग्रजी वळणात 'सी' हे अक्षर आजच्या 'आर'सारखे दिसते आणि 'एच'चे पोट ओळीखाली लोंबते, याचे मला फारसे भय वाटले नाही. त्याहून मोठा लाभ कालगणनेचा झाला. मृग नक्षत्राबरोबर बदलणाऱ्या शुहूर सनाशी ज्याने झटापट केली आहे, त्याला वर्ष एक जानेवारीलाच लागले पाहिजे असा आग्रह राहत नाही. इंग्लंडात व त्याच्या वसाहतींत 1752 पर्यंत नवे वर्ष 25 मार्चला लागे. वसाहतीच्या सभेने महाविद्यालयाला हार्वर्डचे नाव दिले तो ठराव त्या गणनेने 13 मार्च 1638 चा. पण हार्वर्ड वारला 14 सप्टेंबर 1638 रोजी. आजच्या रीतीने वाचणाऱ्याला दानाआधीच नामकरण झालेले दिसेल. वस्तुतः तो मार्च आपल्या 1639 चा होय, आणि म्हणूनच जाणता मनुष्य तेथे 1638/9 असे जोडवर्ष लिहितो. जूनमध्ये विवाह आणि 'त्याच वर्षी' फेब्रुवारीत बाप्तिस्मा अशा नोंदींवरून एखाद्या शीलवान पूर्वजेवर वंशजांनी घेतलेला आळ या एका नियमाने धुऊन निघतो.

बाप्तिस्म्याची नोंद मिळाली म्हणजे काम संपले, असा दुसरा एक समज आहे. 1538 साली टॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम काढला, आणि 1598 पासून या वह्यांची वार्षिक नक्कल बिशपाकडे धाडण्याची वहिवाट पडली. त्यामुळे मूळ वही उंदरांनी खाल्ली असली तरी नकलेवरून निभावते. परंतु हव्या त्या नावाचे मूल हव्या त्या सुमारास जन्मले, एवढ्याने ते मूल आपले होत नाही. त्याच वहीची दफनाची पाने उलटून ते बालपणी वारले नाही ना, विवाहाची पाने पाहून ते तेथेच संसार थाटून राहिले नाही ना, बापाच्या मृत्युपत्रात ते गावातील कुळवाडी म्हणून वावरत नाही ना, याची शहानिशा करावी लागते. अशिलाला आवडणारा पूर्वज स्वतःच्या हाताने अनेकदा मारून पाहावा, आणि तरीही जो मरत नाही त्यालाच वंशावळीत जागा द्यावी, ही या विद्येची रीत आहे. आणि डोनाल्ड लाइन्स जेकबस याने 1922 साली सुरू केलेल्या नियतकालिकातून अमेरिकेतील संशोधकांना ती कठोरपणे शिकविली.

या कठोरपणाची गरज होती. गुस्टाव्ह अंजू नावाच्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमंत अमेरिकन घराण्यांना हजारो डॉलर घेऊन वंशावळी रचून दिल्या. त्यांत खरे दाखले अधूनमधून पेरलेले असत, आणि नेमका समुद्र ओलांडणारा दुवा तेवढा कल्पनेतून आलेला असे. त्याच्या ग्राहकांना हवे होते ते जहाज, हवा होता तो वाडा. मागे राहिलेल्या भावाच्या मृत्युपत्राची पृच्छा करण्याचे त्यांपैकी कोणाला कारण पडले नसावे.

आता या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. काही ठिकाणी मागे राहिलेल्यांचे कागदच उरलेले नाहीत : 1942 च्या मे महिन्यात एक्सेटरवर बॉम्ब पडले, तेव्हा डेव्हन व सॉमरसेट या परगण्यांची मृत्युपत्रे मोठ्या प्रमाणावर भस्म झाली. पण आगीहून खोल मर्यादा दारिद्र्याची आहे. व्हर्जिनियात 1618 पासून माणूस आणणाऱ्याला दर माणशी 50 एकर जमीन मिळे, आणि आणलेल्या माणसाचे नाव सनदेत येई ते त्या 50 एकरांचे कारण म्हणून. ब्रिस्टॉल बंदराच्या 1654 ते 1686 च्या वहीत करारबद्ध होऊन वसाहतींकडे निघालेल्या 10,000 हून अधिक नोकरांची नावे आहेत. त्यांच्याही मागे आया राहिल्या, भाऊ राहिले, आणि त्यांनीही आठवण काढली असेल. पण त्या आठवणीला खाणावळ जोडलेली नव्हती, म्हणून ती कोणा लेखनिकाने शुल्क घेऊन चर्मपत्रावर उतरविली नाही. अशा नोकराचा वंशज समोर येऊन बसला म्हणजे त्याच नावाचा, त्याच वयाचा, जवळच्याच पॅरिशमधला एखादा मुलगा त्याच्या पदरात टाकण्याचा मोह होतो. तो मोह कनवाळूपणाचा असतो म्हणूनच अधिक घातक. मी त्याला नोकराच्या कराराचा दाखला देतो, त्याखाली रेघ ओढतो, आणि पलीकडची जागा कोरी ठेवतो. अंजूने द्रव्य घेऊन जे केले, तेच दयेपोटी फुकट केल्याने पुण्यकर्म होत नाही.